हाड धातूला धरते तेव्हा

नांदेडहून पूर्वेकडे निघाले की पायाखालचा दगड बदलतो. लातूर, धाराशिव आणि नांदेडचा पश्चिम भाग हा सगळा दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा मुलूख. देगलूर, बिलोली, किनवटकडे गेले की त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट वर येतो, आणि त्या दगडातून विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड उतरते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत. किनवट भागातल्या कितीतरी गावांनी याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायले आहे. तिथल्या मुलांचे दात पांढऱ्या-तपकिरी पट्ट्यांनी ओळखू येतात. दीर्घकाळ हे पाणी पिणाऱ्यांची वयाबरोबर पाठ धरते, कंबर धरते, सांधे आखडतात. एक्स-रेमध्ये त्यांचे हाड नेहमीपेक्षा दाट दिसते, पण ते दाट हाड ठिसूळ असते.

आता दुसरीकडे पाहा. १९९५ मध्ये ऑस्लोच्या यान एलिंग्सन यांनी सशांच्या हाडात टायटॅनियमचे तुकडे बसवले. त्यांपैकी काहींच्या पृष्ठभागावर आधी फ्लोराइडची प्रक्रिया केलेली होती, आणि नेमके तेच तुकडे हाडातून ढकलून काढायला जास्त जोर लागला. पुढे २००४ च्या सुमारास एका स्वीडिश कंपनीने दाताचे इम्प्लांट सौम्य हायड्रोफ्लुओरिक ॲसिडमध्ये बुडवून बाजारात आणले. जे मूलद्रव्य किनवटच्या माणसाचे हाड बिघडवते, तेच धातूच्या पृष्ठभागावर अगदी अल्प मात्रेत असले तर हाडाला जवळ बोलावते. मात्रा किती, जागा कोणती, वेळ कोणती, यावर सगळे अवलंबून. या पुस्तकाचा विषय असाच आहे, आणि तो लातूर-नांदेडकडे पाहत मांडायला हवा असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

विषय वरवर पाहता लहान आहे. जबड्यात बसवलेल्या स्क्रूला हाड कसे धरते, आणि स्क्रूचा धातू किंवा पृष्ठभाग बदलला तर त्या धरण्यात काय फरक पडतो. स्क्रू लांबीला दहा-बारा मिलिमीटर, जाडीला चारेक मिलिमीटर. ज्या थरावर हाडाचे आणि धातूचे जमते किंवा फिसकटते, तो तर नॅनोमीटरमध्ये मोजावा लागतो. लातूरच्या बार्शी रोडवर काय किंवा नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये काय, फिक्स दात बसवायला आलेला माणूस दोन गोष्टी विचारतो: ‘डॉक्टर, स्क्रू कोणत्या कंपनीचा? आणि गॅरंटी किती वर्षांची?’ प्रश्न रास्त आहेत. सोयाबीन किंवा तूर विकून आणलेले पैसे असतात, ते वाया जाऊ नयेत ही धास्ती असते. पण कंपनी फार तर स्क्रू बदलून देईल. स्क्रूभोवती हाड घडवण्याचे काम रुग्णाच्या शरीराचे आहे आणि त्या कामाची पावती कुठल्याच दुकानात मिळत नाही. डॉक्टरांच्या हातात असते ते इतकेच, की त्या शरीराच्या वाटेत आपण अडथळा होऊ नये आणि त्याला मानवेल अशी वस्तू त्याच्या स्वाधीन करावी.

हाड टायटॅनियमला धरते, हे शोधायला कुणी निघाले नव्हते. १९५२ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातले रक्ताभिसरण सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली छोटी नळी टायटॅनियमची होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले, तर निघेना. हाड तिला चिकटून वाढले होते. त्याआधीही माणसाच्या जबड्यात धातू बसवले जात होते. १९३९ मध्ये बोस्टनच्या स्ट्रॉक बंधूंनी कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे स्क्रू वापरले, १९६० च्या दशकात लिंको यांची पात्यासारखी इम्प्लांट आली. त्यांच्या भोवती बहुधा तंतूंचा मऊ पडदा तयार होई, आणि तो नैसर्गिक दाताच्या मुळाभोवतीच्या पडद्यासारखाच चांगला, असे त्या काळी मानले जाई. प्रत्यक्षात त्या पडद्यामुळेच अनेक इम्प्लांट कालांतराने हलू लागत. मधे काहीच न ठेवता हाड थेट धातूला भिडणे, हे त्या वेळच्या पाठ्यपुस्तकात बसत नव्हते.

ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये गोथेनबर्ग इथे गोस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात चार टायटॅनियम स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले तोवर, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे, ते स्क्रू काम करत होते. दंतवैद्यक जगाने मात्र ही गोष्ट खऱ्या अर्थाने स्वीकारली ती १९८२ मध्ये, जॉर्ज झार्ब यांनी टोरांटोला भरवलेल्या परिषदेनंतर. मधली सतरा वर्षे मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटतात. त्या काळात गोथेनबर्गच्या मंडळींनी आपल्या रुग्णांचा माग सोडला नाही. कोणता स्क्रू, कुणाला, कुठे, किती वर्षे टिकला, याची नोंद ठेवत गेले आणि शेवटी त्या नोंदींनीच विरोधकांना गप्प केले.

त्याच गटातल्या टोमास अल्ब्रेक्टसन यांनी १९८१ मध्ये हाडाचे आणि इम्प्लांटचे जमण्यासाठी सहा गोष्टी लागतात असे लिहिले: इम्प्लांटचा पदार्थ, त्याचा आकार, त्याचा पृष्ठभाग, हाडाची अवस्था, शस्त्रक्रियेची पद्धत आणि नंतर पडणारा भार. चाळीस वर्षांनंतरही ही यादी जुनी झालेली नाही. तिच्यातल्या पहिल्या तीन गोष्टी कारखान्यात ठरतात, बहुधा परदेशात. उरलेल्या तीन लातूरच्या किंवा नांदेडच्या खुर्चीवर ठरतात. कंपन्यांची माहितीपत्रके पहिल्या तिघींबद्दल भरभरून बोलतात. या पुस्तकाने सहाही गोष्टी एकमेकींच्या आधाराने वाचल्या आहेत, आणि माझ्या मते त्याची खरी ताकद त्यातच आहे.

स्क्रू हाडात गेला की पहिल्या क्षणापासून काय घडते, ते सावकाश पाहण्यासारखे आहे. टायटॅनियम हवेत येताच त्याच्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो आणि ओरखडा पडला तरी तो लगेच पुन्हा तयार होतो. म्हणजे शरीराची गाठ उघड्या धातूशी कधी पडतच नाही, ती पडते या ऑक्साइडशी. त्यावर आधी रक्त येते. काही सेकंदांत रक्तातली प्रथिने तिथे चिकटतात, मग प्लेटलेट्स, मग फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे. हाड घडवणाऱ्या पेशी याच धाग्यांना धरून स्क्रूच्या दिशेने सरकतात आणि सरकताना धागे ओढतात. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर या ओढीने जाळे सुटून येते आणि पेशी वाटेतच राहतात. बारीक खरबरीत असेल तर जाळे टिकते, पेशी स्क्रूपर्यंत पोचतात आणि तिथूनच हाड घालायला सुरुवात करतात. गिलावा धरावा म्हणून गवंडी गुळगुळीत काँक्रीट छिन्नीने खडबडीत करून घेतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथला गिलावा जिवंत आहे आणि तो चिकटायचे की नाही ते स्वतः ठरवतो.

नवे हाड सुरुवातीला घाईघाईने विणलेले, कच्चे असते. त्याच वेळी ड्रिलने दुखावलेली जुन्या हाडाची कड शरीर हळूहळू काढून टाकत असते. म्हणून दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास एक नाजूक काळ येतो: जुन्या हाडाची पकड सैल झालेली असते आणि नव्याची अजून पुरती आलेली नसते. नेमके याच दिवसांत दुखणे, सूज थांबलेली असते आणि रुग्णाला वाटते आपण बरे झालो. घरी कडक भाकरी असते, शेतात ऊस असतो. इम्प्लांट शंभर-दीडशे मायक्रॉनहून जास्त वारंवार हलत राहिले, तर हाडाऐवजी तंतूंचा तोच जुना पडदा धरतो. रुग्णाला हे नीट समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग आहे. दवाखान्यातल्या गर्दीत हीच गोष्ट सर्वांत आधी मागे पडते.

पदार्थांबद्दल थोडक्यात. शुद्ध टायटॅनियम चार प्रतींत मिळते आणि चौथी प्रत सर्वांत बळकट. त्याहून बळकट हवे असेल तर ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळलेला मिश्रधातू वापरतात. तो शुद्ध धातूपेक्षा कणखर असला, तरी त्यातून सुटणाऱ्या आयनांची चर्चा थांबलेली नाही. अरुंद हाडासाठी टायटॅनियम आणि झिर्कोनियमचा मिश्रधातू २००९ मध्ये आला. पातळ स्क्रूलाही भार पेलावा, हा त्यामागचा हेतू. झिर्कोनिया ही पांढरी सिरॅमिक. पातळ हिरडीतून काळपट छटा दिसत नाही म्हणून पुढच्या दातांसाठी मागणी वाढते आहे. तिलाही हाड चांगले धरते, पण ती ठिसूळ आहे आणि घासताना काळजी घ्यावी लागते. पीक (PEEK) हे प्लास्टिक लवचिकतेत हाडाच्या जवळ जाते. हाड मात्र त्याला सहजी धरत नाही. जाता जाता एवढे सांगतो, की टायटॅनियमचे इल्मेनाइट हे खनिज आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे आणि टायटॅनियमचे मिश्रधातू बनवणारा मिश्र धातू निगम हा सरकारी कारखाना आपल्या शेजारी हैदराबादेत आहे. हा धातू आपल्याला परका नाही.

पृष्ठभागाची गोष्ट मात्र सविस्तर वाचायला हवी. ब्रोनेमार्क यांचे स्क्रू नुसते लेथवर कातलेले होते. त्यांचा खरबरीतपणा एक मायक्रॉनहून कमी. खालच्या जबड्याच्या कणखर पुढच्या भागात ते उत्तम चालले. वरच्या जबड्याच्या मागच्या मऊ, जाळीदार हाडात त्यांचे अपयश जास्त होते. मग १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये आंद्रे श्रोडर यांच्या गटाने प्लाझ्माच्या ज्योतीने टायटॅनियमचे थेंब उडवून खूप खडबडीत पृष्ठभाग केला. १९८० च्या दशकात हाडातल्याच खनिजाचा, हायड्रॉक्सीॲपेटाइटचा, लेप आला. लेपाला हाड झटकन धरे. पुढे मात्र लेपच धातूपासून सुटल्याची आणि विरघळल्याची प्रकरणे समोर आली. १९९१ मध्ये बर्नच्या डॅनियल बुझर यांनी लहान जातीच्या डुकरांत हे सगळे पृष्ठभाग शेजारी-शेजारी तपासले. गुळगुळीत पृष्ठभागाला हाडाचा थेट स्पर्श वीस-पंचवीस टक्के मिळाला. ज्यावर आधी कणांचा जोरदार मारा केला आणि मग ॲसिडने खाऊ दिले, त्याला पन्नास ते साठ टक्के. हायड्रॉक्सीॲपेटाइटला त्याहूनही जास्त, पण त्या लेपात झिजेच्या खुणाही दिसल्या. कणांच्या माऱ्याने मोठे खड्डे पडतात, ॲसिडने त्या खड्ड्यांत बारीक खळगे पडतात, आणि ही दुहेरी रचना पुढे जगभर पसरली. स्क्रूवर दात बसवण्यासाठी पूर्वी तीन ते सहा महिने थांबावे लागे, ते निरोगी हाडात सहा आठवड्यांवर आले. आज बहुतेक इम्प्लांट एक ते दोन मायक्रॉन खरबरीत असतात, आणि मऊ हाडात दात टिकण्याचे बरेचसे श्रेय याच एक-दोन मायक्रॉनला द्यायला हवे.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. ताज्या टायटॅनियमवर पाणी सपाट पसरते. तोच स्क्रू काही आठवडे डबीत पडला की हवेतले कार्बनी अंश त्यावर बसतात आणि पाणी थेंब धरून उभे राहते. लॉस अँजेलिसमध्ये ताकाहिरो ओगावा यांनी हे वृद्धत्व सविस्तर तपासले आणि अतिनील प्रकाशाने पृष्ठभाग पुन्हा ताजा करून दाखवला. २००५ मध्ये खारट द्रावणात बंद करून ठेवलेले स्क्रू बाजारात आले, तेही याच कारणाने. म्हणून हाडात जाण्याआधी स्क्रू हातमोज्याला किंवा लाळेला लागू नये, असे शिक्षक बजावतात, त्यामागे नुसते जंतूंचे भय नाही. हाडाच्या आधी दुसरे कुणी त्या पृष्ठभागावर बसायला नको, हा अर्थ आहे.

आता आपला जबडा. दात काढला की पहिल्या वर्षातच त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने घटू शकते, आणि त्यातली मोठी घट पहिल्या तीन महिन्यांत होते. शहरातला रुग्ण दात काढल्यावर लवकर परत येतो. आपल्याकडे दाढ काढून दहा-दहा वर्षे झालेली असतात, मधे एखादी कवळी येऊन गेलेली असते, आणि माणूस इम्प्लांटसाठी येतो तेव्हा हाडाची सुरीसारखी धार उरलेली असते. शिवाय तंबाखू आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, आणि त्यांपैकी बहुतेक धूररहित तंबाखूचे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारीने आखडलेली, दोन बोटेही न शिरणारी तोंडे दवाखान्यात येतातच. अशा तोंडात ड्रिल सरळ धरणेसुद्धा अवघड. धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट अपयशी होण्याचा धोका साधारण दुप्पट असतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसले आहे. मधुमेह ताब्यात नसेल तर हाड भरून येण्याचा वेग मंदावतो. आणि दाट, कडक हाडात ड्रिल जास्त तापते. एरिकसन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांत दाखवले, की ४७ अंश सेल्सिअस एक मिनिट टिकले तरी हाड इजा पावते. जादा फ्लोराइडच्या पट्ट्यातला रुग्ण समोर असेल तर थंड सलाइन, धारदार ड्रिल आणि कमी दाब यांना पर्याय नाही. पाण्यातल्या फ्लोराइडने टायटॅनियमच गंजेल का, अशीही शंका विचारली जाते. गंजाचे जे प्रयोग झाले ते ॲसिडी माध्यमात आणि विहिरीच्या पाण्याच्या कित्येक पट फ्लोराइडमध्ये. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याची भीती स्क्रूने बाळगण्याचे कारण नाही. ती हाडानेच बाळगायची आहे.

इथे मला माझे मत स्पष्ट मांडायचे आहे. खरबरीत पृष्ठभाग आपल्या मऊ, झिजलेल्या हाडांसाठी वरदान आहे, यात शंका नाही. पण तोच पृष्ठभाग हिरडी खाली सरकून उघडा पडला तर जंतूंना तितकाच मानवतो. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत, एकदा इम्प्लांटभोवती दाह सुरू झाल्यावर काही खरबरीत पृष्ठभागांभोवती हाड झपाट्याने गेले. काही कंपन्या स्क्रूचा वरचा पट्टा, म्हणजे कॉलर, गुळगुळीत ठेवतात, ते यासाठी. जो माणूस दिवसातून दोनदा ब्रश करत नाही, मशेरी लावतो आणि दर सहा महिन्यांनी तपासणीला किनवटहून नांदेडला येणे ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी गुळगुळीत कॉलरचा साधा स्क्रू हा महागड्या, नखशिखांत खरबरीत स्क्रूपेक्षा जास्त प्रामाणिक सल्ला ठरू शकतो. कधी कधी तर दोन इम्प्लांटवर अडकवलेली कवळी, जी काढून धुता येते, हाच सर्वांत चांगला उपचार असतो. पृष्ठभाग निवडायचा तो माणूस पाहून, त्याचे तोंड, त्याचे गाव, त्याची येण्या-जाण्याची ऐपत पाहून. ही गोष्ट गोथेनबर्ग किंवा बर्नच्या अभ्यासात सापडणार नाही, कारण ज्या तोंडांवर ते पृष्ठभाग तपासले गेले ती ही तोंडे नव्हती.

म्हणूनच लातूरच्या महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ डेंटल सायन्सेस अँड रिसर्चमधल्या आणि नांदेड रूरल डेंटल कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांनी हे पुस्तक नुसते परीक्षेपुरते वाचू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ग्रॅनाइटच्या पाण्यावर वाढलेला जबडा आणि बेसाल्टच्या पाण्यावर वाढलेला जबडा शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत शेजारी-शेजारी मिळणे, ही अभ्यासकाला क्वचित लाभणारी संधी आहे. त्यासाठी परदेशी प्रयोगशाळेची वाट पाहायला नको. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची संकुले आहेत. स्क्रूवर पाण्याचा थेंब किती अंशांचा कोन धरतो, हे मोजायला फार मोठे यंत्र लागत नाही.

सुरुवात दवाखान्यातूनच व्हावी. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर बॅच क्रमांकाचा स्टिकर असतो. तो रुग्णाच्या कागदावर चिकटवावा आणि एक प्रत रुग्णाच्या हाती द्यावी, कारण पुढे पुण्याला किंवा हैदराबादला गेल्यावर तिथल्या डॉक्टरला तोच उपयोगी पडतो. त्याच कागदावर धातूची प्रत, पृष्ठभागाचा प्रकार, हाड मऊ लागले की कडक, किती जोराने स्क्रू बसला, तंबाखू कोणती आणि दिवसाला किती वेळा, साखरेचा शेवटचा रिपोर्ट, आणि लहानपणी कोणत्या गावचे पाणी प्यायले, हेही लिहावे. शेवटचा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो. आणि जे इम्प्लांट सुटून हातात येते ते कचऱ्यात टाकू नये. रुग्णाची संमती घेऊन, त्याला चिकटलेल्या हाडासकट, न धुता फॉर्मालिनच्या बाटलीत ठेवावे, बाटलीवर नावाऐवजी फक्त नोंद क्रमांक लिहावा आणि महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागाकडे द्यावे. या पुस्तकाच्या शेवटी जोडलेला नोंदीचा नमुना याच कामासाठी एका पानात बसवला आहे. त्याची झेरॉक्स काढून तो मोकळेपणाने वापरावा.